आधी नडगी बरी होऊ दे

बर्लिन, १३ जुलै

प्रिय छोटू,

काल आईशी फोनवर बोलत होते, तेव्हा मागून तुझा आवाज आला, "नडगी ठणकते, पण आजबी धावलो." तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. फोनवर तू माझं ऐकत नाहीस, म्हणून लिहिते. रात्री आजीलाही वाचून दाखव.

मार्चमध्ये माझं हेच झालं होतं. सप्टेंबरातल्या मॅरेथॉनच्या सोडतीत नंबर लागला होता आणि मी रोज पाच किलोमीटर जीव तोडून धावू लागले. धाप लागली म्हणजे मेहनत झाली, असं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात नडगीला बोट लावू देईना. महिनाभर धावणं बंद. दवाखान्यातल्या बाईंनी समजावलं, की दम लवकर वाढतो, पण हाडं आणि स्नायूंच्या दोऱ्या मजबूत व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. छाती तयार, पाय कच्चे. तुझंही तेच झालंय.

आता आठवड्यातून चारच दिवस धावते, त्यातले तीन अगदी सावकाश. सावकाश म्हणजे किती, तर 'गण गण गणात बोते' न अडखळता म्हणता आलं पाहिजे. नाम तुटलं की वेग कमी. आजी अकोल्याहून शेगावला पायी जाते ती अशीच. तरण्या पोरी वाटेत बसतात, ती बसत नाही. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर म्हणजे साधारण तेवढीच वाट. मला सव्वासहा तासांत पोचायचं आहे.

रविवारी लांब पल्ला असतो. इथं टेम्पेलहोफचं विमानतळ २००८ साली बंद झालं, आता ते लोकांना मोकळं आहे. एक फेरी साधारण सहा किलोमीटर. नजर पोचेल तिथवर गवत. डवरणी झालेलं आपलं वावर डोळ्यांपुढे येतं. मागच्या रविवारी चार फेऱ्या झाल्या. अंगात साठलेली साखर तिसाव्या किलोमीटरच्या पुढं संपत येते म्हणतात, म्हणून रुमालात आईनं दिलेला गूळ बांधून नेते आणि भूक लागायच्या आधीच एक खडा तोंडात टाकते. मॅरेथॉनच्या दिवशीही गूळच नेणार. नवीन काही पोटात घालायचं नाही.

तुझ्या पोलीस भरतीचे १६०० मीटर वेगळे, हे मला कळतं. २० गुण आहेत, वेग लागणारच. पण घड्याळ लावून आठवड्यातून दोनदाच धाव, तेही दुखणं गेल्यावर. बाकीचे दिवस सावकाश, आणि डांबरी सडक सोड. पांदणीत चिखल असेल तर शाळेच्या मैदानावर जा. दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल तर उद्याच तालुक्याला डॉक्टरला दाखव. हाडाला बारीक चीर असू शकते. लपवू नको रे, माझी शपथ.

आजीनं विचारलं होतं, "काऊन धावते वं पोरी, कोन लागलं तुया मांगं?" तिला सांग, कोणी नाही. पहाटे त्या गवताच्या कडेनं धावताना घरी असल्यासारखं वाटतं, म्हणून धावते.

दिवाळीत येताना तुला बूट आणते. कागदावर पाय ठेवून पेन्सिलनं रेघ मार आणि फोटो पाठव. माप संध्याकाळी घे, वावरातून आल्यावर. दिवसभरानं पाय थोडा फुगतो, तेच माप खरं. आजीच्या पायाचंही घे, दोन्ही पायांचं.

तुझी,
ताई