सहा ओळींबद्दल आभार, ताई

ताई,

नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं ताई. आपण एका ऑफिसात होतो त्याला बराच काळ लोटला. तरी रात्री साडेनऊला माझा फोन उचललात आणि आधी विचारलंत, "आतापर्यंत काय काय उद्योग केलेस?"

उद्योग बरेच झाले होते. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स, त्याला जोडलेली चार टीबीची डिस्क, डिस्कवर घरातले सगळे फोटो. फोटो दाखवणारा प्रोग्रॅम एलएक्ससी कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच मशीनच्या आत वेगळ्या बंदिस्त ठेवलेल्या छोट्या लिनक्समध्ये; बाहेरचं मशीन ते होस्ट. डिस्कवरचं फोल्डर मी कंटेनरात बाइंड माउंट केलं, म्हणजे तेच फोल्डर आतही दिसेल असं जोडलं. फायली दिसल्या, पण मालकाच्या रकान्यात सगळीकडे ‘नोबडी’, आणि प्रोग्रॅमला एक फाइल लिहिता येईना. आत रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूजर, होऊनही मालक बदलेना. वैतागून मी अख्ख्या डिस्कवर सीएचमॉड ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं करायची मुभा, टाइप करून ठेवलं होतं, एंटर तेवढं दाबायचं राहिलं होतं.

"थांब," तुम्ही म्हणालात. "नावं सोड, आकडे वाच." लिनक्स प्रत्येक यूजरला आकड्यानेच ओळखतं. एलएस कमांडला ‘एन’ लावून एकच फाइल आधी होस्टवर पाहायला लावलीत, मग कंटेनरात. बाहेर मालक १०००, आत ६५५३४. दोन आकडे शेजारी लिहिले आणि तीन संध्याकाळींचा गुंता तिथेच सैल झाला.

तुम्ही सांगितलंत ते मी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलं तर कान धरा. अनप्रिव्हिलेज्ड (होस्टवर खास अधिकार नसलेल्या) कंटेनरातला रूट, म्हणजे ०, होस्टच्या लेखी १००००० असतो. तिथून पुढचे ६५५३६ आकडे कंटेनरच्या वाट्याचे. म्हणजे आतला १००० हा बाहेरचा १०१०००. माझ्या फोटोंचा मालक बाहेरचा १०००, तो या वाट्यात बसतच नाही. ज्याला आत ओळखच नाही त्याला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ६५५३४ दाखवतं, आणि त्याचंच नाव नोबडी. ७७७ ने काम भागलं असतं म्हणा, पण प्रोग्रॅमने लिहिलेली प्रत्येक नवी फाइल लाखाच्या घरातल्या मालकाची झाली असती आणि फोटो कुणालाही खोडता आले असते.

मग मी शहाणपणा केला: "कंटेनर प्रिव्हिलेज्डच करून टाकू का?" तुम्ही रागावला नाहीत, एवढंच म्हणालात की मग आतला रूट हाच बाहेरचा रूट. पुढचं मला कळलं.

आयडीमॅपच्या, म्हणजे आतला कोणता आकडा बाहेरचा कोणता हे ठरवणाऱ्या, ओळी तुम्ही आयत्या पाठवू शकला असतात. त्याऐवजी कागदावर बेरीज करायला लावलीत, हे मी विसरणार नाही. आतले ० ते ९९९ हे बाहेर १००००० पासून, असे १०००. आतला १००० थेट बाहेरचा १०००, एकच. आतले १००१ पासूनचे बाहेर १०१००१ पासून, उरलेले ६४५३५. यूजरसाठी तीन ओळी, ग्रुपसाठी तीन. शिवाय सबयूआयडी आणि सबजीआयडी या दोन्ही फायलींत रूटला १००० वापरायची परवानगी. मी शेवटचा आकडा ६४५३६ लिहिला आणि कंटेनर सुरूच होईना. "बेरीज कर," तुम्ही म्हणालात. एकने जास्त भरली. हातचा चुकणारा माणूस मी, पुन्हा तेच.

कंटेनर सुरू झाला तर आतल्या यूजरचं होम फोल्डरच नोबडीचं! माझा जीव गेला, तुम्ही मात्र हसलात. त्या फायली बाहेर १०१००० च्या नावावर होत्या आणि तो आकडा आता मॅपमधून गळाला होता. होस्टवरून मालक १००० केला, मिटलं.

दुसरा फोन आठवड्याने. रीस्टार्टनंतर कंटेनरात फोल्डर रिकामं. होस्टवर फोटो जागच्या जागी, आणि होस्टची मूळ डिस्क मात्र भरत चाललेली. डिस्क माउंट व्हायच्या, म्हणजे तिच्या फोल्डरला जोडली जायच्या, आधीच कंटेनर उठला होता. त्याला मिळालं ते खालचं रिकामं फोल्डर, आणि प्रोग्रॅम इमानेइतबारे त्यातच लिहीत बसला. वर डिस्क माउंट झाल्यावर त्या फायली होस्टवरूनही दिसेनाशा झाल्या. होस्टचं सगळ्यात वरचं ‘/’ फोल्डर दुसरीकडे बाइंड माउंट करून त्या बघायच्या, ही युक्ती तुमची. ३१ जीबी निघाले!

त्यावरची तुमची व्यवस्था अजून तशीच आहे. एफस्टॅबमध्ये (मशीन सुरू होताना काय जोडायचं त्याची यादी) डिस्क यूयूआयडीने, म्हणजे तिच्या ओळख क्रमांकाने, आणि ‘नोफेल’ लावून, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन अडून बसत नाही. कंटेनर माउंटनंतरच सुरू होतो. आणि मला सगळ्यात आवडलेलं: डिस्क काढून ठेवलेली असताना खालच्या रिकाम्या फोल्डरला चॅटर कमांडने ‘आय’ लावून कुलूप. डिस्क नसेल तर प्रोग्रॅमला लिहायलाच मिळत नाही, चूक लगेच कळते.

या दोन्ही फोनांत तुम्ही एकदाही "मला लॉगिन दे, मी करते" म्हणाला नाहीत. दहा मिनिटांत सुटलो असतो खरं. पण परवा भाच्याच्या मशीनवर हेच झालं तेव्हा मी त्याला विचारलं, "आकडे काय दिसताहेत?"

आता एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या पद्धतीची, एक जुनी डिस्क जोडायची आहे. तिच्यावर मालक नुसता बदलून चालत नाही, माउंट करतानाच यूआयडी, म्हणजे मालकाचा आकडा, द्यावा लागतो, इथवर माझं मी आलोय. अडलो तर फोन करीन, साडेनऊच्या आधी.

तुमचा,
बेरीज चुकलेला