जुलैऐवजी डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी तिथे नसेन. जुलैचे तिकीट रद्द करून डिसेंबरचे काढले आहे. फोनवर सांगितले असते तर आईने नुसते ‘बरं’ म्हणून फोन बाबांच्या हाती दिला असता, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

इथे अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या आमच्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) जत्रेच्या मैदानावरील इमारतींची देखभाल मी अंगावर घेतली आहे आणि जत्रा ऐन जुलैत असते. आत्या विचारतीलच की, जत्रेपायी बापाच्या डोळ्यांकडे पाठ फिरवलीस का. त्यांना हे पत्र वाचून दाखवावे, म्हणजे निदान रागवायला पूर्ण मजकूर तरी हाताशी राहील.

बाबा, तुम्हाला मुळापासून सांगितल्याखेरीज काही पटत नाही. एल्काना वॉटसन नावाच्या गृहस्थाने १८०७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफिल्ड गावी दोन मेरिनो मेंढ्या लोकांना पाहण्यासाठी चौकात बांधल्या आणि तिथून इथल्या शेतकी जत्रांची प्रथा वाढत गेली. आज आयोवात ९९ काउंट्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येकीची स्वतःची जत्रा आहे. जनावरांच्या शेड, जनावरांच्या स्पर्धेच्या निवाड्याचे रिंगण, प्रेक्षकांचे बाक, लोणची-मुरंबे आणि गोधड्या मांडण्याचे सभागृह, एवढा सगळा पसारा मूठभर पगारी माणसे आणि पुष्कळ स्वयंसेवक सांभाळतात. त्या स्वयंसेवकांत म्हातारी माणसे फार झाली आहेत, आणि वायरिंगचे कळणारी मी एकटीच आहे.

१० ऑगस्ट २०२० चे ते वादळ तुम्हाला आठवत असेल, तेव्हा आई रात्रभर फोन लावत होती. काही भागांत वाऱ्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर गेला होता. त्यानंतर आमच्या काही शेडना नवे पत्रे बसले, पण बाकीच्या जुन्या पत्र्यांचे दुखणे राहूनच गेले. पत्र्याच्या स्क्रूखाली रबराची चकती असते. ऊन आणि बर्फ खाऊन ती कडक होते, बोटांत धरली तर जुन्या कुरडईसारखी चुरते, मग पाणी स्क्रूच्या वाटेने आत झिरपून लाकूड कुजवते. जुना स्क्रू काढायचा, त्याच भोकात थोडा जाड स्क्रू नव्या चकतीसह बसवायचा, आणि हे हजारो वेळा करायचे. अण्णांच्या गोठ्याचे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकायला माझे मन घेईना. हिवाळ्यात छपरावर चढता येत नाही, वसंतात पाऊस पाठ सोडत नाही, म्हणजे हाती उरतो तो जून.

जूनमध्ये काम संपले तरी जुलैत मला निघता येणार नाही. उकाड्यात प्रत्येक मूल आपल्या जनावराशेजारी पंखा लावते, सगळा भार एकाच सर्किटवर येतो आणि भर दुपारी ब्रेकर पडतो. या वर्षी शेडमध्ये वेगवेगळी सर्किटे टाकली आहेत, त्यामुळे पहिल्या वर्षी त्यांच्याजवळ कुणीतरी जाणते हवे. शेडच्या दाराशी हात धुण्याचे नळही घेतले आहेत, कारण मुले वासराला कुरवाळून तशीच खायला धावतात आणि ई. कोलायसारखे जंतू त्याच वाटेने पोटात जातात.

जत्रा आठवडाभराचीच, पण मैदान वर्षभर पोसावे लागते. थंडीत रिकाम्या शेड लोकांच्या होड्या आणि कॅम्पर (सहलीच्या राहत्या गाड्या) ठेवायला भाड्याने देतात, सभागृहात लग्ने, लिलाव आणि रक्तदान होते. छप्पर गळके असेल तर हे भाडे जाते, आणि भाडे गेले की छपराला पैसे उरत नाहीत. माझ्या मते नव्या कमानीवर खर्च करण्याआधी गटारे आणि पत्रे नीट करावेत. बैठकीत हे बोलल्याने मी थोडी अप्रिय झाले आहे, पण आपल्या घराण्याला ते नवे नाही.

तुमची नात यंदा फोर-एच या इथल्या मुलांच्या संघटनेतल्या मुलांबरोबर शेळी घेऊन रिंगणात उतरणार आहे. रोज संध्याकाळी ती शेळीला दाव्याने चालायला शिकवते, तेव्हा मला पुसेगावची यात्रा आठवते. सेवागिरी महाराजांच्या रथावर लावलेल्या नोटा मी बाबांच्या खांद्यावरून मोजत होते आणि खिल्लार बैलांच्या बाजारात बाबांनी माझे दोन्ही पाय घट्ट धरून ठेवले होते. बाबा, डिसेंबरात यात्रेला जाऊ या. तोवर तुम्हाला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत असेल.

शस्त्रक्रिया लहान आहे आणि त्याच दिवशी घरी सोडतात. दादा रजा घेणार आहे, वहिनी थेंबांचे वेळापत्रक फ्रिजवर लावणार आहे. पुढच्या खोलीत बाबांची आरामखुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवायला सांगितले आहे, आणि रेडिओचे नवे सेल कपाटाच्या वरच्या खणात आहेत. स्वयंपाकाच्या बाई त्या पंधरवड्यात दोन्ही वेळा येतील. आई, तू त्यांच्यामागे उभी राहून फोडण्या तपासायच्या नाहीत. साखरेची गोळी जेवणाआधीच घ्यायची आणि कुणी भेटायला आले म्हणून ते जेवण लांबवायचे नाही.

बाबांनी डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत वाकून कुंड्या हलवायच्या नाहीत. मागे तुम्ही ‘एकच हलवली’ म्हणाला होतात, ती आम्हा सगळ्यांच्या लक्षात आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी दादाचा फोन येईपर्यंत मी जागी राहीन, माझ्याकडे रात्र आहे म्हणून कुणी फोन टाळू नये.

तुमची लेक