मंत्रिमहोदय, वृद्धाश्रमातल्या आरतीला 'नको' म्हणायची सोय करा

मा. सामाजिक न्याय व विशेष साहाय्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

वृद्धाश्रमांबद्दल आपल्याकडे येणारी पत्रं बहुधा अनुदान, इमारत आणि औषधांची असतात. हे पत्र संध्याकाळी साडेसहाच्या प्रार्थनेबद्दल आहे. मी परिचारिका आहे. आधी एका धर्मादाय आश्रमात होते, आता सशुल्क वृद्धनिवासात काम करते. दोन्हीकडचं जेवण वेगळं, खोल्या वेगळ्या, पण साडेसहाचा कार्यक्रम अगदी तोच. सगळ्यांना हॉलमध्ये आणायचं, व्हीलचेअरवाले पुढे, मग शुभंकरोती, आरती, पसायदान.

यात कुणाचा कट वगैरे नाही, हे आधीच सांगते. संध्याकाळच्या पाळीला मजल्यावर एकच मावशी असते. निम्मे हॉलमध्ये आणि निम्मे खोलीत राहिले तर तिने बघायचं कुणाकडे? कुणी बाथरूममध्ये पडलं तर जाब तिलाच विचारणार. म्हणून सगळ्यांना एकत्र बसवायचं. माणसं कमी म्हणून सुरू झालेली ही सक्ती, काही वर्षं गेली की तिला 'आमच्या संस्थेची परंपरा' म्हणतात.

आमच्याकडे नागपूरकडचे एक आजोबा होते. 1956 साली दीक्षाभूमीवर वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेलं पोर. बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत गौरी-गणपतीला देव मानणार नाही, त्यांची पूजा करणार नाही, असं साफ म्हटलेलं आहे. आरती सुरू झाली की आजोबा दोन्ही हात शालीखाली घ्यायचे. मावशी मायेनेच म्हणायची, "आजोबा, टाळ्या वाजवा की, हातांना व्यायाम होतो." ते हसायचे, हात काही बाहेर काढायचे नाहीत. तक्रार कधीच केली नाही. जिथे दोन वेळचं जेवण आणि रात्रीचा डायपर दुसऱ्याच्या हातात असतो, तिथे तक्रार कोण करतं? 2011 च्या जनगणनेत या राज्यात 65 लाख बौद्ध होते. त्यांच्यातलेही लोक म्हातारे होतात आणि आश्रमात येतात.

संविधानाच्या अनुच्छेद 28 मध्ये शाळेसाठी ही काळजी घेतलेली आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक उपासनेला बसवता येत नाही. वृद्धाश्रमात अशी पाटी मी तरी पाहिलेली नाही. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 19 वाचलं, तर तिथे जिल्ह्याला किमान एक, दीडशे निराधारांना सामावणारा वृद्धाश्रम, त्याच्या व्यवस्थापनाची योजना, वैद्यकीय सेवा आणि 'मनोरंजनाची साधनं' एवढं सापडतं. आरती मनोरंजनात धरायची का, हे आपल्या विभागानेच एकदा ठरवावं.

सशुल्क निवासांत आणखी एक प्रकार आहे, देणगीदारांचा. कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, कुणाचा पन्नासावा वाढदिवस. सत्यनारायण, प्रसाद आणि फोटो. फोटोत आजी-आजोबा भरपूर दिसले पाहिजेत, म्हणून दुपारच्या झोपेतून उठवून बसवतात. शिरा चांगला असतो, हे कबूल.

संक्रांतीचं हळदीकुंकू तर बघवत नाही. आमच्या मजल्यावरच्या बहुतेक बायका विधवा. पाहुण्या येतात, ताट घेऊन रांगेने निघतात आणि मधल्या चार खाटा टाळून पुढे जातात. ज्यांना टाळलं त्या बायका तेवढा वेळ खिडकीकडे बघत बसतात. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. ते परिपत्रक वृद्धाश्रमांच्या दारापर्यंत आलेलंच नाही. एकदा आमच्या व्यवस्थापिकेने सांगितलं, वाण द्यायचं तर सगळ्यांना, नाहीतर गेटवर ठेवून जा. त्या वर्षी सगळ्यांना मिळालं.

आता कुणी म्हणेल, मग हे सगळं बंदच करा. तसं करू नका, हात जोडून सांगते. स्मृतिभ्रंश झालेली, मुलीलाही न ओळखणारी आजी हरिपाठाचा अभंग न अडखळता पुरा करते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. श्रद्धा हे आमच्या कामातलं औषधच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने उपशामक सेवेच्या, म्हणजे जीवघेण्या आजारात त्रास हलका करणाऱ्या सेवेच्या, व्याख्येत शारीरिक आणि मानसिक त्रासाच्या जोडीला आध्यात्मिक त्रासही धरला आहे, तो उगाच नाही. मधुमेह असलेली एक मुस्लिम आजी रमजानमध्ये गोळ्या घेईना. डॉक्टर सांगून थकले, मी थकले. शेवटी जवळच्या मशिदीतले मौलाना आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, आजारी माणसाला रोज्याची सूट आहे, त्याबदली गरिबाला जेवू घाला. आजीने त्याच दिवशी गोळी घेतली. मात्र त्या मौलानांना आत सोडायला संस्थेने आठवडा लावला. नियमात बसत नाही म्हणे.

काही ठिकाणी यावर 'सर्वधर्म प्रार्थना' हा तोडगा काढलेला दिसतो. प्रत्येक धर्माच्या चार-चार ओळी, सगळ्यांनी म्हणायच्या. मला तो पटत नाही. वसईच्या ख्रिस्ती आजीला आजाऱ्याला देतात ते कम्युनियन, म्हणजे प्रार्थनेतली पवित्र भाकर, हवं असतं, फादरच्या हातून, आपल्या खाटेवर. जैन आजोबांना चौविहार पाळायचा असतो, म्हणजे सूर्यास्ताआधी ताट हवं; सात वाजताचं जेवण त्यांच्या काही कामाचं नाही. लिंगायत आजीला इष्टलिंगपूजेला पंधरा मिनिटं शांतता पुरते. आणि आयुष्यभर देव न मानलेल्या निवृत्त मास्तरांना त्या वेळेत वर्तमानपत्र आणि चांगला दिवा हवा असतो. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. आधी विचारावं मात्र लागतं. प्रवेश अर्जात आम्ही धर्म लिहून घेतो, जातही लिहून घेतो, आणि 'तुम्हाला काय हवं, काय नको' हे विचारत नाही.

पैशांचंच म्हणाल तर तेही आपल्याकडे आहेत. आपल्याच विभागाची मुख्यमंत्री तीर्थ दर्शन योजना 2024 पासून साठीपुढच्यांना यात्रेसाठी माणशी 30 हजारांपर्यंत खर्च देते. पण जाणारा प्रवासाला तंदुरुस्त हवा, ही अट आहे. अट योग्यच आहे. मात्र आमच्या मजल्यावरचं कुणीही त्यात बसत नाही. जो पंढरपूरला जाऊ शकत नाही, त्याच्यासाठी कीर्तनकाराचं, भन्तेंचं, पाद्रीबाबांचं येण्याजाण्याचं भाडं याच योजनेतून का मिळू नये? येणाऱ्यांची नोंद ठेवा, आणि अंथरुणावरच्या माणसाला दुसऱ्या धर्माकडे वळवायला येणाऱ्यांना दारातच थांबवा. तेही येतात, आणि सगळ्याच बाजूंचे येतात.

राहिला साडेसहाचा प्रश्न. अनुदान देताना संध्याकाळच्या दोन तासांसाठी मजल्याला एक मदतनीस जास्तीचा मंजूर करा. तो असेल तर आजोबांना खोलीत राहता येईल आणि मावशीच्या जिवाला घोरही लागणार नाही. नुसतं 'सक्ती करू नये' असं परिपत्रक काढलंत तर ते फाइलला लागेल आणि व्हीलचेअर हॉलमध्येच जातील.

शेवटचं, जे बोलायला सगळेच कचरतात. माणूस गेल्यावर दहन की दफन, कोणत्या विधीने, की विधीशिवाय, की देहदान, हे त्याच्या हयातीत त्याच्याकडून लिहून घेतलेलं नसतं. परदेशातला मुलगा फोनवर "तुम्हीच बघा" म्हणतो, आणि आम्ही रात्री दोन वाजता ऑफिसातल्या क्लार्कच्या समजुतीप्रमाणे ठरवतो. देहदानाची इच्छा असेल तर तेव्हा तास मोजून धावपळ करावी लागते.

प्रवेशाच्या वेळी भरून घ्यायचा दीड पानी नमुना अर्ज आम्ही काही परिचारिकांनी मिळून तयार केला आहे. उपासना, आहार, सण, नको असलेल्या गोष्टी आणि अंत्यविधी, एवढेच रकाने आहेत. दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारायचं, कारण माणसाचं मन बदलतं. या पत्राची प्रत आणि तो अर्ज जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात देत आहे. त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात, ही विनंती.

आपली,
एक परिचारिका