सर्वश्रेष्ठ वाद्यरचना ठरवताना वादकाचे नावही सांगावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सर्वश्रेष्ठ वाद्यरचना कोणती, या प्रश्नावर आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेले काही आठवडे जी चर्चा चालू आहे, ती मी मन लावून वाचत आहे. ज्येष्ठ वाचकांनी बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई, ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आणि ‘नागिन’ चित्रपटातील बीन यांचा आग्रह धरला आहे, तर तरुणांनी ‘अपाचे’, ‘टेक फाइव्ह’ अशा पाश्चात्त्य रचना पुढे केल्या आहेत. कुस्ती असो वा गाणे, डावे-उजवे ठरवल्याशिवाय बैठकीतून न उठणे हा कोल्हापूरचा स्वभावच आहे आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. मात्र या पत्रांत एक गोष्ट सतत खटकते. बहुतेकांनी रचनेचे नाव दिले आहे, चित्रपटाचे दिले आहे, फार तर संगीतकाराचे दिले आहे. ती वाजवली कोणी, हे क्वचितच कोणी लिहिले आहे. गाण्याविषयी बोलताना आपण गायकाचे नाव कधी वगळत नाही. ज्या संगीतात शब्दांचा आधार नाही, जिथे जे काही आहे ते वादकाच्या हातात आणि श्वासात आहे, तिथेच नेमका वादक गाळला जावा, हे मला मोठे अन्यायाचे वाटते.

‘नागिन’चेच पाहावे. १९५४ च्या या चित्रपटाचे संगीतकार हेमंतकुमार, हे सर्वांना ठाऊक आहे. वरातीतल्या बँडने आजही हमखास वाजवावी अशी ती धून बीनवर, म्हणजे पुंगीवर, वाजलेली नाही. ती क्लॅव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर कल्याणजींनी वाजवली आणि तिला रवी यांच्या हार्मोनियमची जोड होती. पुढे दोघेही स्वतः नामवंत संगीतकार झाले, म्हणून निदान जाणकारांना एवढे माहीत आहे. जे वादक आयुष्यभर वादकच राहिले, त्यांनी चित्रपटसंगीतात वाजवलेले कित्येक तुकडे आपण गुणगुणतो, पण ते कोणाचे, हे सांगता येत नाही.

वादक बदलला की रचना किती बदलते, याचा उत्तम दाखला तरुण वाचकांच्या आवडत्या ‘अपाचे’मध्येच आहे. ही चाल जेरी लॉर्डन यांची. ती आधी बर्ट वीडन या गिटारवादकाने ध्वनिमुद्रित केली होती. परंतु १९६० मध्ये ‘द शॅडोज’ने वाजवलेली आवृत्ती इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली आणि आज जगाला आठवते तीही तीच. सूर तेच होते. हँक मार्विन यांनी गिटारमधून काढलेला तो लांब, थरथरता, काहीसा एकाकी स्वर मात्र त्यांचाच होता. मग आपण श्रेष्ठ म्हणतो ते कागदावरच्या चालीला, की त्या हाताला? ‘टेक फाइव्ह’चेही तसेच आहे. १९५९ ची ही रचना डेव्ह ब्रूबेक यांच्या नावाने ओळखली जाते. प्रत्यक्षात ती त्यांच्या चौकडीतील सॅक्सोफोनवादक पॉल डेसमंड यांची आहे आणि तिच्यातली पाच मात्रांची चाल, जी आपल्या दहा मात्रांच्या झपतालावर वाढलेल्या कानांना मुळीच परकी वाटत नाही, ती जो मोरेलो यांच्या ड्रमवर तोललेली आहे.

‘कॉल ऑफ द व्हॅली’ला माझेही मत आहे. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत उलगडत नेणारी ही १९६७ ची ध्वनिमुद्रिका ‘एचएमव्ही’साठी जी. एन. जोशी यांनी घडवून आणली. भावगीतगायक म्हणून ‘रानारानांत गेली बाई शीळ’मुळे महाराष्ट्राला परिचित असलेले तेच हे जोशी. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार ही तीन नावे पत्रलेखकांनी आवर्जून दिली आहेत. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते, हे एकानेही लिहिले नाही. तीन वाद्यांचा संवाद कुठेही विस्कळीत न होता पुढे सरकतो, तो त्यांच्या संयत ठेक्यामुळे. श्रेय देताना त्यांनाच वगळणे योग्य नव्हे.

नाव हरवण्याची किंमत किती मोठी असते, हे ‘आमेन, ब्रदर’ या १९६९ च्या अमेरिकन रचनेवरून कळते. ‘द विन्स्टन्स’ या बँडच्या तबकडीची ही दुसरी बाजू. तिच्या मध्यावर ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाने सुमारे सहा सेकंद एकट्याने ठेका वाजवला आहे. पुढील दशकांत तो तुकडा उचलून हजारो गाणी बनवण्यात आली, त्यावर संगीताचे नवे प्रकार उभे राहिले. कोलमन यांना त्यातले मानधन मिळाले नाही आणि २००६ मध्ये ते विपन्नावस्थेत वारले. २०१५ मध्ये रसिकांनी वर्गणी गोळा करून बँडच्या प्रमुखाला काही रक्कम दिली, तेव्हा ती पाहायला मूळ वादक हयात नव्हता.

आता आपल्या गावाकडे वळतो, कारण हे पत्र लिहिण्याचे खरे कारण इथे आहे. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे हे हार्मोनियमवादनातले केवढे मोठे नाव! पण आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर ठेवले होते आणि गोविंदराव ती बंदी उठण्याआधीच, १९५५ मध्ये गेले. निदान त्यांनी स्वतः लिहून ठेवले, इतरांनीही त्यांच्याविषयी लिहिले, त्यामुळे त्यांचे नाव टिकले. कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवणाऱ्यांच्या वाट्याला तेवढेही आलेले नाही.

केशवराव भोसले नाट्यगृह आणि कुस्तीचे खासबाग मैदान एकमेकांना लागून आहेत आणि दोन्ही शाहू महाराजांनीच उभी केली. नाट्यगृहाच्या रंगमंचावर जे गायले, त्यांची नावे आपण अभिमानाने सांगतो. शेजारच्या मैदानात ज्यांच्या हलगीवर अख्ख्या कुस्त्या चढल्या, त्यांतील एकाचेही नाव बहुतेकांना सांगता येणार नाही. हलगी पिढ्यान्‌पिढ्या ज्या समाजांनी वाजवली, त्यांना गावगाड्यात मानाचे स्थान नव्हते आणि त्यांच्या वादकांची नोंद न होण्याचे तेही एक कारण आहे, हे शाहूंच्या नगरीत तरी स्पष्ट बोलले पाहिजे.

हलगीला कमी लेखणाऱ्यांनी ती लक्ष देऊन ऐकलेली नसते. कड्यावर ताणलेले कातडे दमट हवेत सैल पडते, म्हणून ते जाळावर शेकून स्वर चढवून घ्यावा लागतो. एका हातात आखूड टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक लांब काडी असते. टिपरूच्या टोल्यांनी ठेका उभा राहतो आणि काडी त्यांच्यामधल्या जागा भरत जाते. जोडीचा ढोल, म्हणजे घुमके, खर्ज सांभाळते, झांजेसारखे कैताळ लय धरून ठेवते. पैलवान सलामी देऊन खडाखडीला लागतात तेव्हा चाल संथ असते. एखादा प्रतिस्पर्ध्याचे पाय धरायला पटात शिरला की ती दुप्पट होते, दोघे सुटून पुन्हा समोरासमोर आले की वादक ती हळूच खाली आणतो, आणि कुस्ती निकाली झाली की साऱ्या मैदानाच्या आरोळीवर हलगी कडाडते. यातले काहीही आधी बांधून ठेवलेले नसते. समोरच्या दोघांच्या पायांवर नजर ठेवून वादक सारे जागेवर रचतो. जॅझच्या वादकांना आपण ज्या उत्स्फूर्ततेसाठी डोक्यावर घेतो, तीच ही आहे, आणि म्हणून माझ्या लेखी सर्वश्रेष्ठ वाद्यसंगीताच्या कोणत्याही यादीत खासबागेतील हलगीला जागा असलीच पाहिजे.

पण तिच्यासाठी मत द्यायचे तर कोणती ध्वनिमुद्रिका दाखवायची? मोबाइलवर टिपलेल्या चित्रफिती पुष्कळ सापडतात; त्यांत हलगीचा टोला फाटून येतो, घुमक्याचा खर्ज जवळजवळ नाहीसा होतो, आणि खाली मैदानाचे नाव असते, विजेत्या पैलवानाचे असते, वादकाचे नसते. गायन समाज देवल क्लबसारखी जुनी संस्था गावात आहे, शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्राचा विभाग आहे. आज पंचक्रोशीत जे बुजुर्ग हलगी, सनई आणि चौघडा वाजवत आहेत, त्यांचे वादन चांगल्या माइकवर, शांत जागी आणि नाव, गाव, गुरू यांच्या नोंदीसह मुद्रित करण्याचे काम या दोघांनी मिळून हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मैदानातील वादनाचे मुद्रण वेगळे करावे, कारण कुस्तीशिवाय वाजलेली हलगी आणि कुस्तीसाठी वाजलेली हलगी यांत मोठा फरक असतो. वादकांना मानधन द्यावे आणि मुद्रणाची एक प्रत त्यांच्या घरी पोहोचवावी. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलाकाराला आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जाण्याचा हक्क दिलेला आहे. तो फक्त मोठ्या मंचांवरच्या कलाकारांसाठी नाही.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. कुस्ती मैदानाच्या बातमीत आपण पैलवान, वस्ताद, पंच आणि देणगीदार या सर्वांची नावे छापता. त्यात हलगीवादकांच्या नावांची एक ओळ येत्या हंगामापासून वाढवावी. आणि ही चर्चा पुढे चालू राहणार असेल, तर यापुढे आपली पसंती कळवणाऱ्या प्रत्येक पत्रलेखकाकडून रचनेबरोबर वादकाचे नावही मागून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक संगीतप्रेमी वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर