माईंच्या जास्वंदीबद्दल

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून माझे पत्र नाही म्हणून तू रुसली असशील. खुशाल रूस, पण आधी हे वाच. इमारतीच्या रंगकामासाठी परांची बांधताना कंत्राटदाराच्या माणसांनी माईंची जास्वंद गुडघ्याएवढी ठेवून छाटून टाकली. मी बँकेतून परतले तोवर फांद्यांचा ढीग फाटकाबाहेर गेला होता. घरात सगळे म्हणतात, रोपवाटिकेतून दुसरी आणू. हे वाक्य तुझ्याखेरीज कोणाला बोचणार?

झाड मेलेले नाही, एवढी खात्री मी करून घेतली आहे. साल नखाने किंचित खरवडली की आत हिरवे दिसते. एका फांदीचा शेंडा तपकिरी निघाला, तो हिरवे लागेपर्यंत मागे कापला. खरी काळजी ऋतूची आहे. फेब्रुवारीअखेरीस, ऊन वाढत असताना, छाटणी झाली असती तर फांद्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, भराभर फुटले असते. पण पुण्याच्या डिसेंबरात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा उष्ण प्रदेशातले हे झाड नुसते थिजून राहते. त्यात यांचे रोजचे बादलीभर पाणी! पानेच नाहीत तर झाड एवढे पाणी पिणार कसे, आणि सतत ओल्या मातीत मुळे कुजतील, यावरून आमचे जे वाजले ते ऐकून शेजारच्या वहिनींना प्रकरण वाटणीचे वाटले असावे. आता वरची दोन इंच माती कोरडी लागली तरच पाणी घालायचे, असे ठरले आहे.

नवी पालवी दिसेपर्यंत खत मुळीच घालणार नाही, कारण अशा अवस्थेत त्यातले क्षार मुळांनाच भाजतात. मग थोडे गांडूळखत पुरे. फुलांसाठी हाडांचा चुरा ओतण्याचा तुझा हट्ट मला आजही अमान्य आहे. त्यातले स्फुरद (फॉस्फरस) फार झाले की जास्वंदीला लोह नीट घेता येत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात, हे मी दापोलीलाच सांगितले होते. त्यावर तू माझ्यापुढची सोलकढीची वाटी उचलून नेलीस, तेही विसरलेले नाही.

पालवी आली की पिठ्या ढेकूण (पांढरी, पिठासारखी दिसणारी कीड) आणि त्याच्या मागोमाग मुंग्या येणारच. त्यासाठी लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारीन. फुले नव्या फांदीवरच येतात, हा एक दिलासा आहे. तरी पालवीपासून कळीपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात, म्हणजे माघी गणेशजयंतीला फुले विकतच आणावी लागणार. भाद्रपदाला मात्र घरची मिळावीत.

तरीही मन राहत नाही. ज्याच्या काडीपासून माईंची जास्वंद वाढली ते मूळ झाड तुझ्या मागीलदारी अजून असेल, तर येताना पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आण.

माझा रक्तदाब गोळीवर ठीक आहे. नंदूच्या मुलाखतीचे काय झाले? तुझ्या गुडघ्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले, तेही कळव. यायची तारीख मात्र आधी लिही.

तुझी,
शैला