हायब्रिडचं मायलेज एका टाकीवरून ठरवू नका

महोदय,

ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिडचं (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर चालणाऱ्या प्रकाराचं) प्रमाणित मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर. हा आकडा प्रयोगशाळेतला. रस्त्यावरचा आकडा आपला आपण मोजावा, पण एका टाकीवरून नको. पंपाचं नोझल कधी लवकर बंद होतं, कधी उशिरा. २५ लिटरमागे २ लिटर इकडेतिकडे झाले तरी ८ टक्के चूक. ती पुढच्या टाकीत भरून निघते, म्हणून निदान दहा टाक्यांची बेरीज धरावी.

शक्यतो त्याच पंपावर, पहिल्या ऑटो-कटला थांबावं आणि तारीख, ओडोमीटर, लिटर लिहून ठेवावं. बहुतेकांचं चुकतं ते सरासरीत. २५ लिटरमध्ये ६०० किलोमीटर म्हणजे २४, २० लिटरमध्ये ३०० म्हणजे १५. दोन्हींची सरासरी १९.५ धरू नये. ९०० भागिले ४५, म्हणजे २०, हे खरं.

शहरात ब्रेकची ऊर्जा बॅटरीत परत येते, एक्स्प्रेस वेवर मात्र इंजिन बराच वेळ चालूच राहतं. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तर इंजिन गरम होण्यातच पेट्रोल जातं. मे महिन्यात एसीही बॅटरी खातो. त्यामुळे तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. जुनी नोंद ई२०च्या (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या) आधीची असेल, तर नव्या इंधनात शुद्ध पेट्रोलपेक्षा ऊर्जा सहा-सात टक्के कमी असते, हेही धरावं.

एवढं करूनही आकडा घसरत असेल, तर आधी टायरची हवा, मग ब्रेक धरून राहतोय का ते, आणि बॅटरी थंड करणाऱ्या पंख्याची जाळी धुळीने किंवा सामानाने बुजली आहे का ते पाहावं.

— एक वाचक, पुणे