मानवशास्त्र पदवीपासूनच हवे

बारावीनंतरच्या अभ्यासक्रमांवरील आपल्या पुरवणीतील लेखात मानवशास्त्राचा, म्हणजे माणसाचे शरीर आणि समाजजीवन अभ्यासणाऱ्या विषयाचा, उल्लेख केवळ केंद्रीय लोकसेवा परीक्षेचा ‘गुण देणारा’ वैकल्पिक विषय म्हणून आला, हे खटकले. मुख्य परीक्षेत त्याच्या दोन प्रश्नपत्रिका मिळून ५०० गुण असतात, हे खरे. पण शिकवणीवर्गाच्या नोट्समधून या विषयाचा आत्माच निसटतो. तो आहे क्षेत्रकार्यात. परक्या वस्तीत राहायचे, आपले निष्कर्ष बाजूला ठेवून लोकांचे ऐकायचे, नातीगोती, जमीन, सण, आजारपण यांच्या नोंदी ठेवायच्या. ही सवय अठरा-एकोणीसच्या वयात लागली तर मुरते.

पुण्याला तर या विषयाचा मोठा वारसा आहे. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९३९ पासून डेक्कन कॉलेजात होत्या. शरीरमापनापासून नातेसंबंधांपर्यंत त्यांचा अभ्यास पसरलेला होता आणि कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणीही त्यांनी केली. एकच अभ्यासक विज्ञान आणि समाज दोन्हीकडे पाहू शकतो, तो याच विषयात! २०११च्या जनगणनेनुसार राज्यात एक कोटीहून अधिक आदिवासी आहेत. त्यांच्यासाठी योजना आखणाऱ्यांना अशी नजर हवीच. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि तिचे संग्रहालयही पुण्यातच आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयासोबत गौण विषय घेता येतो. शहरातील अधिकाधिक महाविद्यालयांनी त्यात मानवशास्त्राला जागा द्यावी आणि आठवडाभराचे तरी क्षेत्रकार्य सक्तीचे करावे.

– एक निवृत्त प्राध्यापिका, कोथरूड, पुणे